जकात : कर्तव्य, कर आणि विवेक
(इस्लाममधील अनिवार्य दानाचा ऐतिहासिक अभ्यास)

प्रास्ताविक

मराठी वाचकाला 'जकात' हा शब्द नवा नाही. शहराच्या वेशीवरील जकात नाका, तेथे खोळंबलेल्या मालमोटारी आणि पावती फाडणारा कारकून हे दृश्य अगदी अलीकडेपर्यंत महाराष्ट्रात सर्वपरिचित होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबई महानगरपालिकेची जकातही इतिहासजमा झाली. मात्र हाच शब्द मुस्लिम समाजात एका वेगळ्याच अर्थाने रूढ आहे. तेथे जकात हे नमाज, रोजा आणि हज यांच्या बरोबरीचे, इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक असे धार्मिक कर्तव्य आहे. एकाच शब्दाने एकीकडे उपासना आणि दुसरीकडे नाक्यावरचा कर सूचित व्हावा, हा केवळ भाषिक योगायोग नव्हे. त्यामागे सुमारे चौदाशे वर्षांचा इतिहास आहे.

जकातीविषयी मराठीत जे लेखन आढळते, त्याचा भर प्रामुख्याने नियमांच्या निरूपणावर असतो. जकात किती द्यावी आणि कोणाला द्यावी, या प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात. परंतु जकात कोणाच्या हाती द्यावी, या प्रश्नाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. दात्याने ती राज्याच्या अधिकाऱ्याकडे सुपूर्द करावी की स्वतः गरजूंपर्यंत पोहोचवावी, हा वाद इस्लामी इतिहासाच्या पहिल्या शतकापासून आजतागायत चालू आहे. प्रस्तुत निबंधात प्रथम जकातीची संकल्पना व नियम थोडक्यात मांडून, या प्रश्नाचा मदिनेपासून दख्खनपर्यंत आणि पुढे आधुनिक काळापर्यंत मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

जकातीची संकल्पना

'जकात' या अरबी शब्दाच्या मूळ धातूत शुद्धी आणि वृद्धी असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. संपत्तीतील ठरावीक हिस्सा काढून दिल्याने उरलेली संपत्ती शुद्ध होते आणि तिची वाढ होते, अशी यामागील श्रद्धा आहे. कुराणात अनेक ठिकाणी नमाज आणि जकात यांचा उल्लेख जोडीने येतो. मक्का काळातील अध्यायांत दानाचा आग्रह आहे, पण प्रमाण ठरलेले नाही. इ.स. ६२२ मधील हिजरतीनंतर मदिनेत मुस्लिमांचा स्वतंत्र समाज उभा राहिला, तेव्हा या दानास निश्चित व अनिवार्य स्वरूप प्राप्त झाले. बहुतेक परंपरा हा बदल हिजरी सन २ मधील मानतात.

येथे 'सदका' आणि 'जकात' यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सदका हा व्यापक शब्द असून त्यात ऐच्छिक दानाचाही समावेश होतो. जकात मात्र पात्र व्यक्तीवर बंधनकारक आहे. कुराणाच्या सत्तराव्या अध्यायात श्रीमंतांच्या संपत्तीत याचकाचा व वंचिताचा एक ठरलेला हक्क असल्याचे सांगितले आहे. 'हक्क' ही संज्ञा येथे महत्त्वाची आहे. जकात देणारा उपकार करीत नाही. दुसऱ्याच्या मालकीचा जो अंश त्याच्यापाशी आहे, तो तो परत करतो. त्यामुळे घेणाऱ्याने मिंधे होण्याचे कारण उरत नाही, असा या विचाराचा गाभा होय.

हे कर्तव्य लागू होण्यासाठी संपत्तीची एक किमान मर्यादा ठरविण्यात आली असून तिला 'निसाब' म्हणतात. सोन्यासाठी ती २० दीनार, चांदीसाठी २०० दिरहम, उंटांसाठी ५, गाईबैलांसाठी ३० आणि शेळ्यामेंढ्यांसाठी ४० अशी आहे. भारतीय उपखंडातील प्रचलित मापांत सोन्याची मर्यादा साडेसात तोळे (८७.४८ ग्रॅम) व चांदीची साडेबावन्न तोळे (६१२.३६ ग्रॅम) मानली जाते. मूलभूत गरजा आणि देणी वजा जाता एवढी संपत्ती एक चांद्रवर्ष मालकीत राहिली, तर रोकड, सोने, चांदी व व्यापारी माल यांवर चाळीसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के जकात द्यावी लागते. शेतीच्या उत्पन्नावर 'उश्र' आकारला जातो. पावसावरील पिकावर तो दहा टक्के, तर मोटेने वा अन्य श्रमाने पाणी दिलेल्या पिकावर पाच टक्के असतो. जमिनीत सापडलेल्या पुरातन धनाचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. ज्या उत्पन्नामागे श्रम कमी तेथे दर अधिक आणि जेथे श्रम व खर्च अधिक तेथे दर कमी, असे तत्त्व या दरांत सहज दिसून येते.

आरंभीच्या काळात २० दीनार आणि २०० दिरहम यांचे मूल्य ढोबळमानाने समान होते. कालांतराने चांदी सोन्याच्या तुलनेत फार स्वस्त झाली. परिणामी आज चांदीची मर्यादा धरल्यास सामान्य मध्यमवर्गीयही जकातीस पात्र ठरतो, तर सोन्याची मर्यादा धरल्यास तो सुटतो. गरिबांच्या हिताचा विचार करून भारतातील अनेक उलेमा चांदीची मर्यादा ग्राह्य धरतात. दागिन्यांबाबतही मतभेद आहेत. हनफी पंथानुसार वापरातील सोन्याचांदीच्या दागिन्यांवरही जकात आहे, तर शाफई पंथात स्त्रियांच्या नेहमीच्या वापरातील दागिन्यांना सर्वसाधारणपणे सूट आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा भेद केवळ ग्रंथातला नाही. कोकणातील मुस्लिम समाज बहुतांशी शाफई, तर घाटावरील समाज बहुतांशी हनफी आहे. त्यामुळे एकाच राज्यातील दोन घरांत त्याच वजनाच्या बांगड्यांचा हिशेब वेगळा होऊ शकतो. स्त्रीच्या संपत्तीची मालकी स्वतंत्र असल्याने तिच्या जकातीची जबाबदारीही तिचीच असते, हेही येथे नमूद करावयास हवे.

जकात कोणाला द्यावी, हे कुराणाच्या नवव्या अध्यायातील साठाव्या आयतीत निश्चित केले आहे. निर्धन, गरजू, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जोडून घ्यावयाची आहेत असे लोक, गुलामांची मुक्तता, कर्जबाजारी, ईश्वरी मार्गातील कार्य आणि वाटसरू असे हे आठ वर्ग होत. आपले आईवडील, मुले व पत्नी यांना जकात देता येत नाही, कारण त्यांचे पालनपोषण हे मुळातच दात्याचे कर्तव्य आहे. सर्वसाधारण सरकारी कर भरल्याने जकातीतून मुक्तता होत नाही, असे बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांचे मत आहे. जकातीला उपासनेचा हेतू, म्हणजे 'नियत' आवश्यक असते आणि तिचा विनियोग या आठ वर्गांपुरताच मर्यादित असतो.

मात्र या आठ वर्गांत वसुली कर्मचाऱ्यांचा समावेश असणे ही बाब लक्षवेधी आहे. कर्मचारी आहेत, याचा अर्थ वसुलीची सार्वजनिक व्यवस्था गृहीत धरलेली आहे. दुसरीकडे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात उघड दान चांगले असले तरी गुप्तपणे गरिबांना दिलेले दान अधिक श्रेयस्कर मानले आहे. सार्वजनिक व्यवस्था आणि व्यक्तिगत गुप्तता असे दोन प्रवाह याप्रमाणे मूळ ग्रंथातच शेजारी शेजारी नांदतात. पुढील इतिहास हा या दोहोंतील ताणाचा इतिहास आहे.

मदिनेतील व्यवस्था

पैगंबर मुहंमद यांच्या अखेरच्या काळात अरबस्तानातील विविध टोळ्यांकडे जकात गोळा करण्यासाठी अधिकारी पाठविले जाऊ लागले. मुआज बिन जबल यांना येमेनमध्ये पाठविताना दिलेल्या सूचना हदीस ग्रंथांत नोंदविलेल्या आहेत. तेथील श्रीमंतांकडून घ्यावे आणि तेथीलच गरिबांत वाटावे, लोकांच्या कळपातील उत्तमोत्तम जनावरे निवडून घेऊ नयेत आणि पीडिताच्या शापाचे भय बाळगावे, असा त्यांचा आशय आहे. वसुली अधिकाऱ्याने जनावरे जेथे पाणी पितात तेथे स्वतः जावे, मालकाला दूरवर हाकत आणावयास लावू नये, असाही दंडक होता. एका अधिकाऱ्याने वसुलीहून परतल्यावर काही वस्तू आपणास भेट म्हणून मिळाल्याचे सांगितले. तेव्हा तो आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर त्याला या भेटी मिळाल्या असत्या काय, असा जाहीर प्रश्न पैगंबरांनी केल्याचे हदीसमध्ये आढळते. अधिकारपदामुळे मिळालेली भेट आणि लाच यांतील सीमारेषा दाखविणारे हे एक प्राचीन उदाहरण होय.

इ.स. ६३२ मध्ये पैगंबरांचे निधन झाले आणि व्यवस्थेची पहिली कसोटी लागली. अनेक टोळ्यांनी नमाज मान्य करूनही मदिनेस जकात पाठविण्यास नकार दिला. जकात घेण्याची आज्ञा व्यक्तिशः पैगंबरांना होती, त्यांच्या पश्चात ती इतरांना लागू नाही, असा काहींचा युक्तिवाद होता. पहिले खलिफा अबू बकर (६३२-६३४) यांनी तो अमान्य केला. ईश्वराचे एकत्व मान्य करणाऱ्यांशी युद्ध कसे करावे, अशी शंका खुद्द उमर यांनी उपस्थित केली होती. परंतु नमाज आणि जकात यांत फरक करता येणार नाही आणि पूर्वी दिली जाणारी उंटाची दोरीही नाकारली तरी आपण लढू, अशी अबू बकर यांची भूमिका होती. या संघर्षात तमीम टोळीतील मालिक बिन नुवैरा याची हत्या झाली. त्याने गोळा केलेली जकातीची जनावरे आपल्या लोकांना परत केली होती. त्याच्या हत्येचे समर्थन करावे की नाही, यावर तेव्हाच मतभेद झाले, ही बाब पुरेशी बोलकी आहे. या संघर्षामागे मदिनेच्या राजकीय सत्तेचा प्रश्नही होता, हे इतिहासकारांनी दाखविले आहे. जकात हे गरिबांचे देणे होते, तसेच ते केंद्रसत्तेशी असलेल्या निष्ठेचे चिन्हही बनले होते.

दुसरे खलिफा उमर (६३४-६४४) यांच्या काळातील दोन निर्णय विशेष उल्लेखनीय आहेत. हिजरी सन १८ मध्ये (इ.स. ६३९) अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा त्यांनी त्या वर्षाची जकात वसुली स्थगित केली व परिस्थिती सुधारल्यावर पुढील वर्षी ती घेण्यात आली, अशी नोंद अबू उबैद (मृत्यू ८३८) यांच्या 'किताब अल-अम्वाल' या ग्रंथात आहे. दुसरा निर्णय व्यापारी मार्गांसंबंधीचा होता. मार्गांवर 'आशिर' नावाचे अधिकारी नेमण्यात आले. मुस्लिम व्यापाऱ्याकडून अडीच टक्के, राज्यातील बिगरमुस्लिम प्रजाजनांकडून पाच टक्के आणि परराज्यातील व्यापाऱ्यांकडून दहा टक्के असे दर ठरले. मुस्लिम व्यापाऱ्याकडून घेतला जाणारा हिस्सा जकात समजला जाई, इतरांकडून घेतला जाणारा हिस्सा मात्र व्यापारी कर होता. दोन भिन्न स्वरूपाच्या रकमा एकाच नाक्यावर, एकाच अधिकाऱ्याच्या हाती गोळा होऊ लागल्या. मराठीतील 'जकात नाक्या'चे दूरचे मूळ येथे सापडते.

प्रकट आणि अप्रकट संपत्ती

साम्राज्याचा विस्तार झाला, तसा संपत्तीचा ओघ वाढला. तिसरे खलिफा उस्मान (६४४-६५६) हे जकातीच्या महिन्याची जाहीर घोषणा करीत आणि ज्याच्यावर कर्ज असेल त्याने ते आधी फेडून उरलेल्या संपत्तीची जकात द्यावी असे सांगत. पुढे हनफी धर्मशास्त्रज्ञ अल-कासानी (मृत्यू ११९१) यांनी असे मत मांडले की, लोकांच्या तिजोऱ्या तपासणे त्यांना जाचक ठरेल, हे ओळखून उस्मान यांनी रोकड व तत्सम संपत्तीची जकात देण्याचे काम मालकांवरच सोपविले. यातूनच 'प्रकट' (जाहिर) आणि 'अप्रकट' (बातिन) संपत्ती हा महत्त्वाचा भेद विकसित झाला. शेतातील पीक आणि चरणारे कळप सर्वांना दिसतात, म्हणून त्यांची जकात राज्याने घ्यावी. घरातील सोने, चांदी व दुकानातील माल मालकालाच ठाऊक असतो, म्हणून त्यांची जकात त्याने आपल्या विवेकानुसार द्यावी. अल-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी राज्यव्यवस्थेवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वसुली अधिकाऱ्याचा अधिकार प्रकट संपत्तीपुरताच असल्याचे स्पष्टपणे नोंदविले आहे.

या भेदात एक व्यवहारी शहाणपण आहे. राज्याने तपासणीचा अधिकार जेवढा वापरावा तेवढा तो घरात शिरतो, आणि घरात शिरलेल्या राज्याबद्दल आपुलकी उरत नाही. व्यापारी माल मार्गावर आला की तो प्रकट होतो आणि राज्याच्या संरक्षणाखाली येतो, म्हणून नाक्यावरील आशिर त्यावर जकात घेऊ शकतो, असे हनफी शास्त्रज्ञांनी सांगितले. पण त्यालाही मर्यादा घातली. माल मालकीत येऊन वर्ष झालेले नाही, आपल्यावर कर्ज आहे किंवा दुसऱ्या नाक्यावर जकात भरली आहे, असे व्यापाऱ्याने शपथपूर्वक सांगितल्यास त्याचा शब्द मानावा, असा नियम होता. व्यवस्थेचा पाया विश्वास हाच होता.

सत्ताधारी अन्यायी असेल तर जकात त्याला द्यावी काय, हा प्रश्न उमय्या काळात तीव्रतेने पुढे आला. राज्यकर्त्यास दिल्याने कर्तव्य पार पडते, दुरुपयोगाचे पाप त्याच्या माथी, असे एक मत होते. ज्याच्याकडून ती गरिबांपर्यंत पोहोचणार नाही त्याला देऊ नये, असे दुसरे मत होते. या दोन्ही मतांच्या परंपरा अबू उबैद यांनी जतन केल्या आहेत. खलिफा हारून अल-रशीद (७८६-८०९) यांच्यासाठी लिहिलेल्या 'किताब अल-खराज' या ग्रंथात अबू यूसुफ (मृत्यू ७९८) यांनी तर स्पष्ट शिफारस केली की, जकातीसाठी वेगळे, सचोटीचे अधिकारी नेमावेत आणि जकातीचा निधी जमीनमहसुलात मिसळू नये. अशी शिफारस करावी लागली, यावरूनच प्रत्यक्षात काय घडत होते याचा अंदाज येतो.

दुसऱ्या बाजूने, सर्व काही मालकाच्या विवेकावर सोपविण्यातील धोकाही इस्लामी विचारवंतांनी ओळखला होता. वर्ष पूर्ण होण्याच्या आत संपत्ती पत्नीच्या नावे करावयाची आणि नंतर परत घ्यावयाची, अशा पळवाटा शोधल्या जात होत्या. कायद्याच्या शब्दांत त्या बसत असतीलही, पण ईश्वरासमोर टिकत नाहीत, असा इशारा अल-गजाली (१०५८-११११) यांनी दिला. आपल्या 'इह्या' या ग्रंथातील जकातीवरील प्रकरणात त्यांनी देणाऱ्याच्या मनोवृत्तीची चिकित्सा केली. दिखाऊपणा टाळण्यासाठी दान गुप्त ठेवावे, घेणाऱ्यास उपकाराची जाणीव करून देऊ नये आणि ज्यांची गरिबी स्वाभिमानामुळे दिसून येत नाही अशांना शोधून द्यावे, यांवर त्यांचा भर आहे. राज्ययंत्रणेला जे दिसू शकत नाही ते शेजाऱ्याला दिसते, हा विचार यात अनुस्यूत आहे.

उपासनेकडून नाक्याकडे

मध्ययुगात राज्यांना महसुलाची गरज भासली, तसतशी नाक्यावरील वसुली विस्तारत गेली आणि तिच्याभोवतीचे धार्मिक निर्बंध सैल होत गेले. याचा एक प्रत्यक्षदर्शी पुरावा उपलब्ध आहे. स्पेनमधील प्रवासी इब्न जुबैर हा हजला जाताना इ.स. ११८३ मध्ये सलाहुद्दीनच्या अमलाखालील अलेक्झांड्रिया बंदरात उतरला. तेथील अधिकाऱ्यांनी यात्रेकरूंच्या सामानाची झडती घेतली व त्यांच्याकडील वस्तूंवर जकात मागितली. ही मालमत्ता वर्षभर मालकीत होती किंवा नाही, याची चौकशीही झाली नाही, अशी तक्रार त्याने प्रवासवृत्तात केली आहे. हे गैरवर्तन सुलतानाला माहीत नसावे, असेही तो म्हणतो. नाव जकातीचे, पण वर्षाची अट नाही आणि शपथेवर विश्वासही नाही. येथे जकातीचे केवळ नाव उरले होते.

भारतातही हीच प्रक्रिया दिसते. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक (१३५१-१३८८) याने शरीयतबाह्य असे अनेक कर रद्द करून खराज, जिझिया, खुम्स व जकात एवढेच कर ठेवल्याचे 'फुतुहात-इ-फिरोजशाही'त सांगितले आहे. म्हणजेच जकात येथे राज्याच्या कररचनेतील एक बाब म्हणून गणली गेली. मोगल काळात हा शब्द व्यापारी मालावरील करासाठी सर्रास वापरला जाऊ लागला. औरंगजेबाने १६६५ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांसाठी अडीच टक्के व हिंदू व्यापाऱ्यांसाठी पाच टक्के असे दर ठरविले, त्यामागे आशिरच्या जुन्या दरांचीच चौकट होती. १६६७ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांवरील हा कर माफ करण्यात आला. ज्या वसुलीचा आरंभ मुस्लिमांच्या धार्मिक कर्तव्यापासून झाला होता, ती वसुली आता जकात याच नावाने केवळ बिगरमुस्लिमांकडून होऊ लागली. शब्दाचा मूळ अर्थ पूर्णपणे उलटल्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

दख्खनमधील सुलतानशाह्यांच्या कारभारातून हा शब्द मराठी राज्यव्यवहारात आला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलेल्या पत्रात बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. पोर्तुगीज मुलखातील स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मिठाचा व्यापार बसू नये, हा त्यामागील हेतू होता. येथे जकात हे संरक्षक आयातशुल्क झाले आहे. त्याचा दानाशी काहीही संबंध उरलेला नाही, आणि तो असल्याची जाणीवही नाही. पेशवाईतील जकातीच्या ठाण्यांपासून विसाव्या शतकातील नगरपालिकांच्या नाक्यांपर्यंत शब्दाचा हाच अर्थ चालत आला.

याच काळात मुस्लिम कुटुंबांत मूळ अर्थाची जकात अखंड चालू राहिली. रमजानमध्ये वर्षाचा हिशेब करावयाचा आणि गरजू नातेवाईक, शेजारी, विधवा, विद्यार्थी यांना द्यावयाचे, ही प्रथा राज्ये आली आणि गेली तरी टिकून राहिली. राज्याने उचललेला शब्द कर झाला, घरात राहिलेला शब्द कर्तव्य म्हणून टिकला.

आधुनिक काळातील प्रयोग

विसाव्या शतकात काही राष्ट्रांनी जकात पुन्हा राज्याच्या अखत्यारीत आणली. सौदी अरेबियात १९५१ मध्ये यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत २० जून १९८० रोजी जकात व उश्र अध्यादेश काढण्यात आला. बँकांतील बचत खात्यांवरील जकात परस्पर कापून घेण्याची तरतूद त्यात होती व ही कपात रमजानच्या प्रारंभी होऊ लागली. आधुनिक बँकव्यवस्थेने मालकाची अप्रकट संपत्ती एका फटक्यात प्रकट केली होती. उस्मान यांच्या काळापासूनचा भेद येथे पुसला गेला.

याची प्रतिक्रिया तत्काळ उमटली. शिया समाजाची जकातीविषयीची धर्मशास्त्रीय भूमिका वेगळी आहे. रोख बचतीवरील अशी सक्तीची कपात त्यांच्या जाफरी शास्त्रास मान्य नाही. जुलै १९८० मध्ये हजारो शियांनी मुफ्ती जाफर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली इस्लामाबादेत मोठे आंदोलन केले आणि शासनास त्यांना सूट द्यावी लागली. पुढे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सुन्नी खातेदारांनाही प्रतिज्ञापत्राद्वारे सूट मागण्याचा मार्ग खुला झाला. दरम्यान रमजानपूर्वी खात्यातून रक्कम काढून घेण्याची प्रथाच पडली. रक्कम काढणारे सर्वच जण जकात बुडवीत होते, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांतील अनेक जण तीच रक्कम स्वतःच्या हाताने गरजूंना देत होते. त्यांचा आक्षेप देण्यास नव्हता, शासनामार्फत देण्यास होता.

मलेशियातील केदाह राज्यात जेम्स स्कॉट या अभ्यासकास असाच अनुभव आला. तेथे भाताच्या पिकावरील जकातीची वसुली केंद्रीकृत झाल्यावर शेतकऱ्यांनी निषेधाचा आवाज न काढता प्रतिकार केला. लागवडीचे क्षेत्र कमी दाखविणे, उत्पन्न लपविणे, ओले किंवा काडीकचरा मिसळलेले भात देणे असे त्याचे प्रकार होते. मात्र याच शेतकऱ्यांनी गावातील गरीब मजूर, धर्मशिक्षक व नातलग यांना व्यक्तिगत जकात देणे चालू ठेवले. दूरच्या कार्यालयात गेलेले धान्य गावात परत येत नाही, ही त्यांची तक्रार होती. मुआज यांना दिलेल्या सूचनेतील स्थानिक वाटपाचे तत्त्व जेथे मोडले, तेथे कर्तव्यनिष्ठ माणूसही वसुली चुकवू लागला.

स्वतंत्र भारतात जकातीची शासकीय वसुली नाही. येथे ती पूर्णतः व्यक्तीच्या व समाजाच्या संस्थांच्या हाती आहे. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या दारुल उलूम देवबंदने राजाश्रयाऐवजी सामान्य जनतेच्या देणग्यांवर अवलंबून राहण्याचे तत्त्व स्वीकारले आणि पुढे असंख्य मदरशांनी तोच मार्ग अनुसरला. बिहारमध्ये १९२१ मध्ये स्थापन झालेल्या इमारत-ए-शरिया या संस्थेने 'बैतुलमाल' म्हणजे सामुदायिक निधीची व्यवस्था उभारली. या व्यवस्थेसमोर वेगळ्या अडचणी आहेत. हनफी मतानुसार जकातीची रक्कम गरजू व्यक्तीच्या प्रत्यक्ष मालकीत जाणे आवश्यक असते. त्यामुळे इमारत बांधणे वा शिक्षकांचे वेतन यांसाठी ती थेट वापरता येत नाही. यावर तोडगा म्हणून रक्कम प्रथम गरजू विद्यार्थ्याच्या मालकीत देऊन त्याच्याकडून ती संस्थेस देणगी म्हणून घेण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ झाली. तिच्यावर खुद्द धर्मशास्त्रज्ञांनीच टीका केली आहे. शिवाय वैयक्तिक वाटपात रक्कम विखुरली जाते. अनेकांना थोडे थोडे मिळते, पण एखाद्या कुटुंबास कायमचे उभे करता येत नाही. आज घेणारा उद्या देणारा व्हावा, हे जकातीचे उद्दिष्ट यामुळे अपुरे राहते. राज्याची सक्ती नसणे म्हणजे सर्व प्रश्न सुटणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, जकात ही आरंभापासूनच उपासना आणि सार्वजनिक व्यवस्था अशी दुहेरी संस्था आहे. यांपैकी एका अंगाचा लोप झाला की दुसरे अंगही दुबळे होते. केवळ व्यवस्था उरली तेव्हा तिचा नाक्यावरील कर झाला, आणि केवळ व्यक्तिगत विवेक उरला तेव्हा पळवाटा व विस्कळीतपणा आला.

दुसरा निष्कर्ष असा की, वसुलीची वैधता वसूल करणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर अवलंबून राहिली आहे. दुष्काळात वसुली थांबविणारी, व्यापाऱ्याच्या शपथेवर विश्वास ठेवणारी व गोळा केलेले तेथेच वाटणारी व्यवस्था लोकांनी स्वीकारली. झडती घेणाऱ्या व दूर नेणाऱ्या व्यवस्थेस त्यांनी बाराव्या शतकात तक्रारीने आणि विसाव्या शतकात खात्यातील रक्कम काढून घेऊन उत्तर दिले. प्रकट व अप्रकट संपत्तीचा जुना भेद हा राज्याने कोठे थांबावे, याविषयीचा एक राजकीय विचारही होता. संगणकीकृत बँकव्यवहाराच्या युगात जेव्हा प्रत्येक रुपया दिसू शकतो, तेव्हा या विचाराची आठवण अधिकच प्रस्तुत ठरते.

तिसरा निष्कर्ष मराठी भाषेच्या अभ्यासकांसाठी आहे. 'जकात' हा शब्द आपल्या भाषेत नाक्याच्या वाटेने आला, म्हणून त्याला वसुलीचा व खोळंब्याचा अर्थ चिकटला. आता महाराष्ट्रातील जकात नाके बंद झाले आहेत. शेजारच्या घरात हा शब्द ज्या अर्थाने उच्चारला जातो, त्या अर्थाने तो समजून घेण्यास भाषेच्या बाजूने आता फारसा अडथळा उरलेला नाही. श्रीमंताच्या संपत्तीत गरिबाचा हक्क असतो, तो वेळेवर, योग्य व्यक्तीस आणि तिचा मान राखून पोहोचला पाहिजे, एवढाच त्याचा मूळ आशय आहे. तो कोणाच्या हातून पोहोचावा, या प्रश्नाचे अंतिम उत्तर चौदा शतकांत मिळालेले नाही. परंतु ते शोधताना ज्या कसोट्या पुढे आल्या, त्या कोणत्याही समाजाच्या लोककल्याण व्यवस्थेस लावून पाहण्यासारख्या आहेत.